फणसाच्या पोटाचा परवाना

आमच्या आंजर्ल्याच्या वाडीतला बरका फणस गेल्या वर्षी मेअखेरच्या वादळी पावसात मुळासकट आडवा झाला. काका म्हणाला, “जळणाला होईल.” मी म्हटलं, मला दे, शिल्पासाठी. इतकं सोपं. तिथून ते लाकूड दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला माझ्या शेडमध्ये यायला साडेचार महिने लागले. त्यातला अर्धा दिवस प्रवासाचा, बाकी सगळे कागदाचे.

तोच फणस का हवा होता, ते सांगते. आंबा, काजू फांदीच्या टोकाला धरतात. फणस धरतो थेट खोडाला, आणि जिथून वर्षानुवर्षं देठ फुटतो तिथे गाठ बनत जाते. या झाडावर अशीच एक गाठ होती, मध्ये खळगी, अगदी बेंबी. मला बाळंतपणानंतरचं पोट करायचं होतं, सैलावलेलं, घड्या पडलेलं. कॉलेजात मॉडेल समोर बसवून मातीत पोटं-पाठी पुष्कळ केल्या होत्या. पण राजापूरजवळ बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला तो कातळात कोरलेला प्राचीन माणूस बघितल्यापासून मातीतलं शरीर मला उपरं वाटायला लागलं होतं. तिथे माणूस सड्यावर आणून ठेवलेला नाही, सड्यातच आहे. मलाही पोट खोडातच हवं होतं.

आता मुद्द्याचं. पडलेलं झाड, स्वतःच्या वाडीतलं, त्याला कसला परवाना? मलाही तसंच वाटलं होतं. झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ यांच्याबरोबर आंबा, जांभूळ, चिंच आणि आपला फणसही आहे. झाड वाऱ्याने पडलं असलं तरी मला सांगितलं गेलं ते असं: आधी पंचनामा, मग लाकडावर वनखात्याच्या हातोड्याने ठोकलेला शिक्का, मग वाहतुकीचा पास. आणि पंचनामा होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. नाहीतर मी आंजर्ल्यातच पटाशी घेऊन बसले असते.

सातबाऱ्यावर अकरा नावं निघाली. त्यातली तीन वर गेलेली. संमतीपत्रांसाठी विरार, डोंबिवली, एक आत्या बडोद्याला. तिने फोनवर आधी विचारलं, “गरे कोणी खाल्ले यंदाचे?” ते मिटलं जूनअखेर. हे सहन होतं, घरचंच होतं.

सहन झालं नाही ते वनखात्याच्या कार्यालयातलं टेबल. अर्जात प्रयोजनाचा रकाना.

“इमारती की जळाऊ?”

“शिल्पासाठी हवंय.”

“तसं काही नाही यात, ताई. इमारती लिहा.”

इमारती लिहिलं. पंधरा दिवसांनी अर्ज परत: कुठली इमारत, बांधकामाची परवानगी जोडा. मग जळाऊ लिहिलं. तर जळाऊ लाकूड एवढं अखंड कशाला नेताय, तुकडे करून न्या! सात फुटांचा अख्खा बुंधा मला तुकडे करून न्यायला सांगत होते. मी आवाज चढवला. चढवू नका, माझी फाईल त्यानंतर तीन आठवडे ‘साहेबांच्या टेबलावर’ होती आणि साहेब होते मीटिंगला. हेलपाटे मोजायचं मी नवव्यानंतर सोडलं. फेरीबोटीवरचा तिकीटवाला मला न विचारता एक तिकीट फाडायला लागला होता.

इकडे पाऊस चालू. लोकांना वाटतं लाकूड पावसात खराब होतं, उन्हात सुकवावं. उलट आहे. ओलं लाकूड कोरायला पावसाळ्यासारखा मोसम नाही, कारण हवा दमट, लाकूड सावकाश सुकतं, तडकत नाही. तेच तीन महिने माझे कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर गेले. बुंध्यावर बुरशी चढली, आणि सालीलगतच्या फिक्या लाकडात भुंगेऱ्यांनी घर केलं. काकू रोज सकाळी फोन करायची, “आज परत भुसा पडलाय गं, पिठासारखा.”

शेवटी नवे बाबू आले. त्यांनी विचारलं, “मूर्ती आहे का?” मी हो म्हटलं. “कुठल्या देवाची?” मी म्हटलं, देवाची नाही, बाईचं पोट आहे. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग ‘इमारती’च्या पुढे स्वतःच्या हाताने ‘मूर्तिकामाकरिता’ असं लिहिलं. एका शब्दाचं काम होतं! पंचनामा दहा दिवसांत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पास हातात. म्हणून सांगते, पहिल्याच अर्जात ‘मूर्तिकाम’ लिहा. शिल्प म्हणू नका.

टेम्पो, फेरीबोट, धोपावे, गुहागर. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ऑक्टोबरचं ऊन मात्र भोवलं. लाकूड गाभ्याकडच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या जवळपास दुप्पट वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आकसतं, म्हणून बाहेरून गाभ्याकडे चिरा जातात. चौथ्या दिवशी नख जाईल एवढी चीर, दहाव्या दिवशी करंगळी. मी पाठीमागून गाभाच कोरून काढला, पोट आतून पोकळ केलं, तेव्हा चीर थांबली. झाड पडल्या दिवशीच बुंधा कापून त्याच्या तोंडांना मेणबत्त्या वितळवून मेण फासायला हवं होतं, पण हात लावायचा नव्हता ना. तुमच्याकडे पंचनाम्याला येतील त्यांना निदान एवढं विचारून घ्या. आणि साल सोलताना हाताला आणि पटाशीला खोबरेल लावा, गरे काढताना लावतो तसं. चीक तिथेही तेवढाच चिकट.

आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं निघालं. आता ते तपकिरी होत चाललंय, बेंबीची खळगी सगळ्यात आधी काळवंडली.

अजून एक, हे आधीच लिहायला हवं होतं: हातोड्याचा शिक्का तासून टाकू नका. रत्नागिरीला प्रदर्शनासाठी नेताना चेकनाक्यावर पहिला प्रश्न तोच आला. माझं शिल्प गळ्याशी कापलेलं आहे, डोकं नाही, आणि शिक्का नेमका त्या कापावर बसलाय. लोक जवळ येऊन तो नंबर वाचतात आणि याचा अर्थ काय म्हणून विचारतात. मी सांगते, पास नंबर आहे.