गडकिल्ल्यांच्या फोटोंचा डेटाबेस : 'ठिकाण' कॉलम अखेर काढला

राजगडाचे फोटो भरायला घेतले आणि फोटोंच्या तक्त्यातला 'ठिकाण' हा कॉलम पुरेनासा झाला. तिथल्या सुवेळा माचीवरच्या नेढ्याचा (कातळातल्या आरपार भोकाचा) फोटो 'नेढं' शोधलं तरी मिळायला हवा, 'सुवेळा माची' शोधलं तरी आणि नुसतं 'राजगड' शोधलं तरी.

म्हणून आता ठिकाणांचा तक्ता वेगळा केलाय. प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा क्रमांक, शेजारी ते ज्याच्या पोटात येतं त्याचा क्रमांक. नेढं माचीत, माची राजगडात. एसक्यूलाइटमध्ये (हा डेटाबेस ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) 'विथ रिकर्सिव्ह' ही पोटातल्या पोटात शोधत जाणारी आज्ञा वापरली की अख्खा गड एका क्वेरीत, म्हणजे एकाच विचारणीत, हाती येतो. नावांना तिसरा तक्ता दिला, कारण तोरणा म्हणजेच प्रचंडगड, आणि रायगडाचं आधीचं नाव रायरी. दोन्ही नावांनी शोधणारी माणसं असतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'पायऱ्या' या टॅगने. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांचे फोटो शोधले, तर निम्मेच आले. टॅगच्या यादीत 'पायऱ्या' दोनदा, दिसायला तंतोतंत सारखे. अक्षरं सुटी करून पाहिली तेव्हा उलगडा झाला. फोनवर टाइप केलेल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर होतं, युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ०९३१. जुन्या कॉम्प्युटरवरच्या टॅगमध्ये मात्र साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर). एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत, वापरल्याने हे दोन एक होत नाहीत. त्यामुळे साठवण्याआधी 'र, हलन्त, जोडक' हे त्रिकूट 'ऱ, हलन्त' असं बदलतो, मग एनएफसी, आणि शोधशब्दावरही हेच संस्कार. मराठीत टॅग लावणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करून ठेवावं. 'दऱ्या', 'किनाऱ्यावर', सगळीकडे हा ऱ भेटतो.

बाकी किरकोळ. टॅग आणि फोटो जोडणारा मधला तक्ता झाला. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात असायलाच हवा, हे बंधन) आपोआप तपासल्या जात नाहीत, दर कनेक्शनला प्राग्मा या सेटिंगच्या आज्ञेने चालू कराव्या लागतात. फाइलची ओळख आता नावावरून नाही, एसएचए-२५६ वरून, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावरून. त्याने हुबेहूब प्रती सापडतात. चॅटवरून फिरून आकार घटलेल्या प्रती सापडत नाहीत.

पुढचं काम स्कॅन केलेल्या जुन्या प्रिंटांचं. त्यांच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये साठवलेल्या माहितीत) फोटो काढल्याची तारीख नसते, म्हणून 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन कॉलम घालतोय.