तुम्ही विचारलंत म्हणून: हवेतला माणूस आणि काचेतला अडकित्ता

मी होलोग्राफीत, म्हणजे वस्तू काचेत त्रिमितीत नोंदवण्याच्या तंत्रात, काम करते असं कळलं, की पंगतीत शेजारी बसलेला माणूस वरणभात कालवता कालवता विचारतो, "म्हणजे ते थ्रीडी सभांमध्ये दाखवायचे तसं? हवेत माणूस उभा करता येतो तुम्हाला?" पूर्वी मी हसून विषय बदलायचे. गेल्या महिन्यात सोसायटीतल्या काकांनी जिन्यात गाठून तिसऱ्यांदा हेच विचारलं, तेव्हा म्हटलं, आता एकदा लिहूनच काढू.

नाही येत, काका. आणि २०१४ च्या निवडणुकीत गावोगावच्या मंचांवर भाषण करणारा जो नेता दिसला, तो होलोग्राम नव्हताच. ती जुनी नाटकातली युक्ती आहे. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर आणली, म्हणून तिला 'पेपर्स घोस्ट', पेपरचं भूत म्हणतात. मंचावर तिरकी पारदर्शक काच किंवा ताणलेली फिल्म असते, प्रेक्षकांना ती दिसत नाही, आणि लपवलेल्या उजळ चित्राचं प्रतिबिंब तिच्यात पडतं. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलात की बाहेरच्या उसावर तुमचाच चेहरा तरंगताना दिसतो ना? तेच ते. भाषण रंगलं असेल, पण प्रकाशशास्त्रापुरतं बोलायचं तर ते एसटीच्या खिडकीतलं भूत.

रिकाम्या हवेत चित्र दिसायचं तर प्रकाश हवेतल्या त्या जागेवरून वळून तुमच्या डोळ्यात शिरायला हवा, आणि स्वच्छ हवा त्याला वळवत नाही. थिएटरात प्रोजेक्टरचा झोत दिसतो तो धुळीमुळे.

मग मी करते काय? माझ्या कपाटात चार बाय पाच इंचांची एक काच आहे. ट्यूबलाइटखाली ती मळकट, करड्या रंगाची, टाकून द्यावी अशी दिसते. मोबाइलचा टॉर्च वरून तिरका धरला की काचेच्या मागे पितळी अडकित्ता उभा राहतो. माझ्या आजीचा. चित्र नव्हे, अडकित्ता. डोकं डावीकडे नेलं की पात्याआड लपलेली सुपारी डोकावते, उजवीकडे नेलं की पुन्हा लपते. वाकून पाहिलं तर खिळ्याची खालची बाजू दिसते. बहुतेक लोक काच उलटून मागे हात घालून बघतात. काकांनीही बघितलं.

फोटोत प्रकाश किती आला एवढंच नोंदलं जातं. तो कुठल्या दिशेने आला, त्याची लाट तेव्हा वर होती की खाली, हे सगळं वाया जातं. ते वाचवायचं कसं, हे डेनिस गॅबर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाला १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये सुचलं. विषय होता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, भुतांशी काही संबंध नव्हता. विहिरीत दोन खडे टाकले की दोन्हींची वर्तुळं एकमेकांत मिसळतात, कुठे पाणी उचलतं, कुठे निपचित राहतं. त्या नक्षीत दुसऱ्या खड्याची सगळी हकीकत असते, फक्त पहिला खडा ओळखीचा हवा. वस्तूवरून आलेल्या प्रकाशात असाच एक ओळखीचा, सरळसाधा झोत मिसळायचा आणि दोघांची नक्षी, प्रकाश टिपणाऱ्या जिलेटिनचा पातळ थर दिलेल्या काचेवर धरायची. नंतर तोच सरळ झोत काचेवर टाकला की नक्षी त्याला वळवते आणि वस्तूवरून निघालेली लाट जशीच्या तशी पुन्हा चालू लागते. डोळ्याला फरक कळायचं कारणच नाही. गॅबर यांच्याकडे लेसर नव्हता, पाऱ्याच्या दिव्यावर भागवावं लागलं. लेसर १९६० मध्ये आला, आणि १९७१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता यातली खरी मेहनत. ही नक्षी फार बारीक असते. माझा हेलियम-निऑन लेसर लाल, त्याच्या लाटेची लांबी ६३३ नॅनोमीटर; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक्स्पोजर चालू असताना वस्तू, काच किंवा आरसा यांतलं काहीही त्या लांबीच्या चौथाई हिश्श्याइतकं हललं, तरी नक्षी पुसली जाते. माणसाचा केस त्या अख्ख्या लाटेच्याही शंभरपट जाड असतो. त्यामुळे माझ्या कामातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे काहीही न हलू देणं.

पहिलं टेबल आम्ही स्वतः केलं होतं. स्कूटरच्या चार ट्यूब अर्ध्याच फुगवल्या, त्यांवर ओट्याला वापरतात तसला कडप्पा, तोही तीन इंची. शहरातला ट्रक रस्त्यावरून गेला की धक्का ट्यूबमध्येच जिरायचा, निदान पुष्कळसा. काम रात्री एकनंतर. पंखा बंद, बोलणं बंद. सगळं मांडून झालं की पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, कारण आपण हात लावलेला प्रत्येक स्क्रू अजून सैलावत असतो, अंगाच्या उबेने हवासुद्धा हलत असते. मग शटर उघडायचं, मनात दहा मोजायचे, बंद. हे पंधरा मिनिटांचं बसणं नव्या विद्यार्थ्यांना जमत नाही. हुशारी लागते ती नंतर.

दसऱ्याला एका विद्यार्थ्याने झेंडूचं फूल आणलं. म्हटलं, लावून बघ. काच धुवून वाळवली, दिवा धरला. फुलाखालचा लाकडी ठोकळा लख्ख, त्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या, आणि फुलाच्या जागी फुलाच्याच आकाराचं काळं भोक. तोडलेलं फूल दहा सेकंदांतही सुकत, मिटत असतं, आणि जे हललं ते काचेला दिसलंच नाही. मग जिवंत माणसाचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न. त्याला पल्स लेसर लागतो, सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागापुरता चमकणारा. एवढ्या वेळात माणूसही कडप्प्याइतकाच स्थिर. अमेरिकेत १९६७ मध्ये असं पहिलं व्यक्तिचित्र झालं. पण तोही माणूस काचेच्या चौकटीतूनच बघायचा, चौकट सोडून मंचावर येत नाही तो.

लेसरशिवाय, साध्या टॉर्चवर दिसणारा होलोग्राम ही सोव्हिएत रशियातल्या युरी डेनिस्युक यांची कमाल, १९६२ ची. त्यांनी सरळ झोत काचेच्या एका बाजूने आणि वस्तूचा प्रकाश दुसऱ्या बाजूने आणला. समोरासमोर आलेल्या लाटांची नक्षी मग काचेवरच्या जिलेटिनमध्ये उभी न राहता आडवी बसते, थरांवर थर, भाकरीच्या चवडीसारखी. दोन थरांत अंतर साधारण २०० नॅनोमीटर. सात-एक मायक्रॉन, म्हणजे सात हजार नॅनोमीटर, जाडीच्या जिलेटिनात असे तीस-पस्तीस थर. टॉर्चच्या पांढऱ्या प्रकाशातून ही चवड आपल्या अंतराला जुळणारा एकच रंग परत पाठवते, बाकीचे जाऊ देते.

इथे माझ्या दुसऱ्या कामाशी गाठ पडते. लोकांना वाटतं, बाई होलोग्राफी करतात आणि शिवाय थिन फिल्म, म्हणजे काचेवर अतिपातळ थर देणं, करतात, दोन दुकानं आहेत. दुकान एकच आहे. पावसात पेट्रोलपंपासमोर सांडलेल्या तेलाचे रंग, साबणाचा फुगा, काकांच्या चष्म्यावरची हिरवट झाक आणि माझा अडकित्ता, सगळीकडे पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या अंगावरून परतलेल्या लाटा एकमेकींना भेटतात, एवढंच घडतं. जुळल्या तर रंग खुलतो, उलट्या पडल्या तर मरतो.

चष्म्यावर तो मारायचाच असतो. साध्या काचेचा एक पृष्ठभाग चार टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकतो. किरकोळ वाटतं, पण कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये दहा भिंगं, म्हणजे वीस पृष्ठभाग असले, तर बेचाळीसच टक्के प्रकाश पार होतो. प्रत्येक पृष्ठभागावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा १०० नॅनोमीटरचा एकच थर दिला की परतणारा प्रकाश सव्वा टक्क्यावर येतो, आणि वीस पृष्ठभागांतून सत्त्याहत्तरच्या आसपास टक्के पार होतो. १०० हा आकडा कुठून आला? हिरव्या प्रकाशाच्या लाटेची लांबी ५५० नॅनोमीटर, तिला थराच्या १.३८ या अपवर्तनांकाने (थरात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा) भागा, आणि त्याचा पाव हिस्सा घ्या. पाव जाताना, पाव येताना, अर्ध्या लाटेचा फरक पडतो आणि दोन परतलेल्या लाटा एकमेकींना खातात. लाल आणि जांभळा नीट मरत नाहीत, म्हणून लेन्सवर जांभळट झाक राहते.

हा थर द्यायचा निर्वात भांड्यात. भुकटी मॉलिब्डेनमच्या होडीत, आम्ही तिला बोटच म्हणतो, खालून करंट, वर काचा टांगलेल्या. दाब हवेच्या दाबाच्या कोट्यवधीव्या भागाइतका उतरवायला सकाळ जाते, आणि थर बसायला दोन मिनिटं. एकदा त्या दोन मिनिटांतच वीज गेली. रोटरी पंप थांबला, व्हॉल्व्ह बंद करायला मी धावले ती एक पाऊल उशिरा, आणि पंपाचं तेल उलटं चढून सगळ्या भांड्यात पसरलं. पुढचे चार दिवस आम्ही दोघी अॅसिटोन आणि धोतराची फडकी घेऊन स्टील पुसत होतो. संशोधन म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आधी तो वास आठवतो.

हे किती टोकाला जातं, ते हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाकडे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी लेसरने टिपणाऱ्या वेधशाळेकडे, बघा. केंद्राने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील, टोकांना आरसे. अमेरिकेतल्या लायगोचे असे आरसे ३४ सेंटीमीटर रुंद, चाळीस किलोचे आहेत आणि त्यांवरचे थर फ्रान्समध्ये लिआँला दिले गेले. तिथे आता अडचण ट्रकची नाही, ती बऱ्यापैकी आवरली आहे. अडचण अशी, की थरातले अणू आपल्याच उष्णतेने थरथरतात, आणि गुरुत्वीय लहर त्याहून फार मोठी नसते. माझ्या क्षेत्रातले कितीतरी लोक सध्या कमी थरथरणारा थर शोधण्यात आयुष्य घालवताहेत.

बाटलीच्या झाकणावरचं चमचमतं स्टिकर? हो, तो मात्र होलोग्राम असतो, स्वस्त जातीचा. एक मूळ नक्षी काढून निकेलच्या ठशाने ती ॲल्युमिनियम दिलेल्या फिल्मवर दाबतात, साच्यातल्या मोदकासारखी. झेरॉक्स मशीनला एकाच कोनातला रंग दिसतो, म्हणून नक्कल फसते. पाचशेच्या नोटेतला हिरव्याचा निळा होणारा धागा मात्र होलोग्राम नव्हे.

काकांना काच हातात दिली तेव्हा आणखी एक गंमत दाखवली. अडकित्ता लाल लेसरमध्ये काढलेला, तरी दिसतो पिवळट हिरवा. कारण धुताना जिलेटिनातलं काही निघून जातं, ते आकसतं, चवड दबते, अंतर घटतं. "आता तिच्यावर तोंडाने हाऽऽ करा," मी म्हटलं. त्यांनी आरशावर करतात तसं केलं. जिलेटिनाने वाफ प्यायली, फुगलं, आणि अडकित्ता डोळ्यांदेखत पिवळा, नारिंगी, तांबडा होत गेला. मग अर्ध्या मिनिटात परत हिरवा. काकांनी सात वेळा केलं. काकूंनी आतून विचारलं, काय चाललंय.

"आणि हा टिकेल किती?" ते म्हणाले. दमटपणा नसेल तर माझ्याहून जास्त. पण एक होलोग्राम डायक्रोमेटेड जिलेटिनवर, म्हणजे डायक्रोमेट क्षाराने प्रकाशसंवेदी केलेल्या जिलेटिनवर, काढलेला होता, आर्गन लेसरच्या निळ्या-हिरव्या प्रकाशात, याच्याहून कितीतरी उजळ. त्यावर दुसरी काच चिकटवून कडा बंद करायच्या असतात. मी म्हटलं, सोमवारी करू. श्रावण होता. सोमवारी उघडलं तर डब्यात नुसती स्वच्छ काच. ती मी टाकलेली नाही, मागे तारीख लिहून ठेवली आहे. काकांनी तीही टॉर्चखाली फिरवून फिरवून पाहिली.