एस वर टिकली: बाबांच्या स्लाइड्सचा शो, कोजागिरीपासून आजपर्यंत

बाबांच्या पेटीतल्या ९६ स्लाइड्स अखेर स्कॅन करून झाल्या. २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात आत्याच्या घरात पाणी शिरलं. पेटी माळ्यावर होती म्हणून बचावली, पण दमटपणानं बुरशी लागायची ती लागलीच. दहा-बारा स्लाइड्सवर अजून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आहेत, त्या मी तशाच ठेवल्यात. ३२०० डीपीआयला (इंचाला ३२०० ठिपके) एक फ्रेम साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेलची येते. पडद्यासाठी १६२० बाय १०८० केली. ३५ मिमीची फ्रेम तीनास दोन आणि पडदा सोळास नऊ, त्यामुळे दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे पिक्सेल काळे राहतात. राहू देत. कडा कापल्या तर रंकाळा तलावाचा काठच जातो.

पॉवरपॉइंटमध्ये 'फोटो अल्बम'नं सगळे फोटो एका दमात आत घेतले. मग 'रिहर्स टायमिंग्ज' लावून बसलो. त्यात एक स्लाइड जितका वेळ समोर ठेवू, तितकाच वेळ तिच्या नावावर नोंदला जातो. सतराव्या स्लाइडला शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि पन्हाळ्याच्या तीन दरवाजाला दोन मिनिटं चाळीस सेकंद मिळाले. तेव्हा पडद्यावर येणाऱ्या छोट्या पट्टीवर पॉजचं बटण असतं, ते नंतर दिसलं. बेल वाजली की आधी ते दाबायचं, मग दार उघडायचं. शेवटी वैतागून सगळ्यांना सरसकट आठ सेकंद दिले. ९६ गुणिले ८, म्हणजे १२ मिनिटं ४८ सेकंद. दूध आटेपर्यंत शो संपणार, असा माझा हिशोब.

कोजागिरीची रात्र

मंगळवार पेठेतली आमची गच्ची, पाण्याच्या टाकीला बांधलेली चादर, आणि समोर आत्या धरून चौदा माणसं. 'सेट अप स्लाइड शो'मध्ये मी 'ब्राउज्ड अ‍ॅट अ किऑस्क' निवडलं होतं. आपोआप फिरत राहतं, मला प्यालेही भरता येतील, एवढाच विचार.

अकरावी स्लाइड आली. रंकाळा, आणि पाण्यातून डोकावणारा संध्यामठ, तलावातली जुनी दगडी वास्तू.

"थांबीव की रं जरा! ह्यो संध्यामठ येवढा उघडा कवा पडला?" आत्या म्हणाली.

मी 'एस' दाबलं, पॉवरपॉइंटमधली शो थांबवायची कळ. शो पुढं. स्पेस दाबला, माउस दाबला, शो पुढंच. तोवर बारावी गेली, तेरावी आली, आणि आत्यानं "काय गडबड हाय तुला?" म्हणून अख्खी गच्ची हसवली. शेवटी एस्केप दाबलं. तेवढं एकच चाललं, आणि चादरीवर माझं सगळं दुकान उघडं पडलं: डावीकडं छोट्या स्लाइड्सची रांग, वर मेनू. घाईत एफ ५ दाबलं तर शो पहिल्यापासून. संध्यामठापर्यंत पुन्हा ऐंशी सेकंद. कुणी काही बोललं नाही, मसाला दुधात चमचे फिरवत बसले सगळे. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी

किऑस्क हा प्रकार दुकानात, प्रदर्शनात पडदा एकटा सोडून द्यायचा असतो त्यासाठी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बटणं दाबून काही बिघडवू नये म्हणून तो जवळजवळ सगळ्या कळा बंद करतो. माझं काम वेगळं होतं. 'प्रेझेंटेड बाय अ स्पीकर' निवडायचं, आणि फिरत ठेवायचं असेल तर खालच्या 'लूप कंटिन्युअसली'वर खूण करायची. मग 'एस' कामाला येतं: एकदा दाबलं की आपोआप चाललेला शो थांबतो, पुन्हा दाबलं की पुढं. उजव्या क्लिकच्या मेनूतही पॉज मिळतो, पण मग चादरीवर मेनू दिसतो. 'सेट अप स्लाइड शो'मध्येच 'मॅन्युअली' निवडलेलं राहिलं तर टायमिंग्ज धरलीच जात नाहीत, आणि मग 'एस'नं थांबवायला काही उरत नाही.

चुकून बाहेर पडलात तर ज्या स्लाइडवर एस्केप दाबलं तीच समोर येते. तिथून शिफ्ट एफ ५. माझ्या लॅपटॉपवर सोबत एफएनही धरावं लागतं, म्हणजे अंधारात तीन बोटांचा तबला. शो चालू असताना ११ टाइप करून एंटर दाबलं तरी अकरावी येते, हे मला गच्चीवर माहीत असतं तर!

'बी'नं पडदा काळा होतो आणि 'डब्ल्यू'नं पांढरा. बोलायचं असेल आणि चित्र नको असेल तर 'बी' छान. पण आमच्याकडं चित्र समोर ठेवूनच वाद घालायचा असतो, तिथं 'एस'च. हातातल्या क्लिकरवर काळ्या पडद्याचं बटण असतं, ते आतून टिंबाची कळ पाठवतं, म्हणजे काम 'बी'चंच. 'एस'चं बटण माझ्या क्लिकरवर नाही. म्हणून बायकोच्या पाकिटातली एक टिकली 'एस'वर चिकटवली. अंधारात बोटाला बरोबर लागते.

इतरांसाठी एक इशारा: गूगल स्लाइड्समध्ये 'एस' दाबलं तर वक्त्याच्या नोट्सची खिडकी उघडते, आणि कीनोटमध्ये थांबवायला 'एफ' आहे. टिकली लावण्याआधी सॉफ्टवेअर कुठलं ते बघा.

बाबांचा प्रोजेक्टर

बाबांकडं हातानं सरकवायचा प्रोजेक्टर होता. एक स्लाइड आत ढकलली की दुसरी बाहेर. तिथं थांबायला कळ लागत नव्हती, बाबांचा हात थांबला की सगळं थांबायचं. पण तेही फार वेळ नाही. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म तापून फुगायची आणि चित्र एकदम अस्पष्ट व्हायचं. मग बाबा लेन्स फिरवून पुन्हा नेमकं करायचे. गोष्ट रंगली की लेन्सही फिरत असायची. आता चित्र तापत नाही, कितीही वेळ ठेवा.

दिवाळीआधी: विसाव्याच्या स्लाइड्स

काही ठिकाणी माणसं थांबवणारच हे ठरलेलं. तिथं 'एस'ची वाट कशाला बघायची? पालखी विसाव्याला थांबते तशा तीन स्लाइड्स ठरवल्या: संध्यामठ, खासबाग मैदानातली कुस्ती, आणि आत्याच्या लग्नातला तेवीस चेहऱ्यांचा फोटो. 'ट्रान्झिशन्स'मध्ये त्या तिघींवर 'आफ्टर'ची (इतक्या सेकंदांनी आपोआप सरक, याची) खूण काढली आणि 'ऑन माउस क्लिक' ठेवलं. बाकीच्या आठ सेकंदांनी सरकतात, इथं शो स्वतःच उभा राहतो, क्लिक केलं की पुढं. हे किऑस्कमध्ये करू नका. क्लिक चालत नाही, शो तिथंच रुतून बसेल.

मग मीच घाण केली. फेड (एक चित्र विरून दुसरं येणं) थोडा सावकाश करावा म्हणून वेळ बदलली आणि 'अप्लाय टू ऑल' दाबलं. ते फक्त फेड नेत नाही, टायमिंगही सगळ्यांवर थापतं. तिन्ही विसावे गेले. आता क्रम पाठ केलाय: आधी फेड, मग अप्लाय टू ऑल, आणि विसावे सगळ्यात शेवटी.

गेल्या रविवारी

आत्याच्या हॉलमध्ये, एचडीएमआय वायरनं टीव्हीवर. १२ मिनिटं ४८ सेकंदांचा शो एक तास दहा मिनिटं चालला. संध्यामठावर थांबलो, कधी उघडा पडतो यावर मे की एप्रिल हा वाद झाला, निकाल लागला नाही. कुस्तीवर कुणी फारसं बोललं नाही, विसावा वाया गेला. उलट भवानी मंडपाच्या स्लाइडवर, जिथं मी काहीच ठरवलं नव्हतं, कोपऱ्यातली सायकल कुणाची यावर वीस मिनिटं गेली. तिथं टिकली कामी आली.

मग आत्या म्हणाली, "मला दाव कुठलं बटण." दाखवलं. त्रेसष्टाव्या स्लाइडवर तिनं स्वतः टिकली दाबली. स्लाइडवर पंचगंगेचा घाट आणि पाठमोरे मामा, आत्याचे यजमान, एवढंच. ती उठली, आत जाऊन चहा टाकला, कप घेऊन परत येऊन बसली. चहा संपल्यावर टिकली पुन्हा दाबली.

त्रेसष्टवर चौथा विसावा घातलाय, कुस्तीवरचा काढलाय. टिकली सुटायला आलीये, नवीन लावायला हवी.