अंतरा इंजेक्शन घेतलं तेव्हाचा माझा अनुभव

अंतरा म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन. धाकटी आठ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मोठ्याच्या वेळी तांबी बसवलेली, पण पाळीत इतकं जायचं की वर्षाच्या आत काढून टाकली. माला-एनच्या गोळ्या अंगावर पाजतेय तोवर नको म्हणाले, आणि तसंही रोज आठवणीने गोळी घेणं माझ्याच्याने झालंच नसतं. ऑपरेशन इतक्यात नको होतं. ह्यांना म्हटलं तुम्ही करून घ्या की नसबंदी, बिनटाक्याची असते, तर म्हणे बागेत औषध फवारायला ताकद लागते. आता ताकदीचा आणि त्याचा काय संबंध, पण जाऊदे.

आशाताई घरी आलेल्या तेव्हा त्यांनी अंतराचं सांगितलं. तीन महिन्यांतून एकदा इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट. ह्यांना सांगितलं तर हसायलाच लागले, आमची द्राक्षबाग आहे ना, म्हणे आपण मणी फुगायला घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अॅसिडच्या पाण्यात बुडवतो तसंच हे. आमच्याकडे सगळं द्राक्षावरच येऊन थांबतं.

पाळीच्या तिसऱ्या दिवशी गेले, कारण पाळी आल्यापासून सात दिवसांच्या आत पहिलं घेतलं तर बरं, नंतर घेतलं तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो. केसपेपर काढला, बीपी बघितलं, वजन केलं ५४ किलो. डॉक्टर मॅडमनी बरंच विचारलं, कावीळ झाली होती का, स्तनात गाठ वगैरे, पाळी नसताना अंगावरून जातं का, पुढचं मूल कधी हवंय. तो शेवटचा प्रश्न मला तेव्हा उगाच वाटलेला. मग सिस्टरनी ती छोटीशी बाटली हलवली, चांगली हलवली, आतलं औषध दुधासारखं पांढरं, आणि दंडात दिलं. सवयीने माझा दुसरा हात चोळायला गेला तर सिस्टर ओरडल्याच, "चोळायचं नाही! शेकायचं पण नाही!" म्हणे चोळलं तर औषध लवकर अंगात पसरतं आणि मग तीन महिने पुरत नाही. सगळं मिळून दोन मिनिटं. पिवळट कार्डावर पुढची तारीख लिहून दिली, घरी येऊन कालनिर्णयवर पण गोल केला.

खरी गंमत पुढे. बारा दिवस थोडं थोडं डाग लागत राहिले, मग आठवडाभर बंद, मग परत सुरू ते वीस दिवस. फार नाही जायचं पण रोज पॅड, रोज धाकधूक, कुठे लग्नाला जायचं तरी पर्समध्ये दोन जास्तीचे, आणि घरात देवाचं करायला सासूबाई एकट्या, त्यांचं तोंड वेगळंच. काउन्सेलिंगमध्ये "पाळीत थोडा बदल होतो" एवढंच सांगितलेलं, आता ह्याला थोडा म्हणायचं का तुम्हीच सांगा. मला जर आधी कुणी सरळ सांगितलं असतं की बाई पहिले तीन ते सहा महिने असं कधीही येईल कधीही जाईल तर मी निम्मी घाबरले नसते. शेवटी गेले परत, मॅडमनी हिमोग्लोबिन तपासलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि लोहाच्या वेगळ्या. थांबलं.

दुसरा डोस नेमका ऑक्टोबरात, बागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी सुरू, घरात पंधरा माणसांचा स्वयंपाक, तारीख विसरलेच. कार्ड दिसलं तोवर नऊ दिवस उलटलेले. मी तर रडायच्या बेतात होते. सिस्टर म्हणाल्या चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, दोन आठवडे आधी पण घेता येतं, पण म्हणून दर वेळी असं करू नका. पण त्या दिवशी तिथे इंजेक्शनच संपलेलं! दोन दिवसांनी या म्हणाले, परत एसटीचं भाडं, परत धाकटीला कडेवर घेऊन.

तिसऱ्यानंतर उलटंच झालं, पाळीच बंद. पहिल्या महिन्यात मी मेडिकलमधून किट आणून गुपचूप तपासलं, एकच रेघ. जीव भांड्यात पडला. पण सासूबाईंच्या लक्षात आलंच, त्यांचं म्हणणं की घाण रक्त आत साठतं आणि मग गाठी होतात. मला पण खात्री नव्हती म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या आत काही साठत नाही, इंजेक्शनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतच नाही, मग बाहेर पडायला आहेच काय. हे मी सासूबाईंना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतंय."

वजन मात्र वर्षभरात ५८ झालं. त्यातलं इंजेक्शनचं किती आणि माझ्या भाताचं किती माहीत नाही. हाडं थोडी विरळ होतात, बंद केलं की भरून येतात असंही मॅडमनी सांगितलेलं. माझ्या जावेलाही हेच घ्यायचं होतं पण तिला पुढच्या वर्षी बाळ हवंय, तर तिला नको सांगितलं, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तेव्हा कळलं मला तो शेवटचा प्रश्न कशाला होता.

पाच डोस घेतले. मग वजनाचा कंटाळा आला म्हणून थांबवलं, आता ह्यांच्यावर आहे, निरोधची पाकिटं आशाताईच देतात. पण पाळी काही येईना. तीन महिने संपले, चौथा गेला, मी रोज वाट बघतेय, आयुष्यात कधी पाळीची एवढी वाट बघितली नव्हती. शेवटच्या इंजेक्शनला आठ महिने होत आले आणि एका सकाळी आली, ती पण नेमकी सत्यनारायणाच्या दिवशी. सासूबाईंना सांगितलं की मला पूजेला बसता येणार नाही. मला वाटलं आता चिडणार. तर प्रसादाचा रवा भाजता भाजता म्हणाल्या, "आली का एकदाची."