सगळ्यांची फलंदाजी होईपर्यंत डाव संपत नाही

आमची तिन्ही मुले खेळतात, आणि अमेरिकेतल्या मुलांच्या खेळांचे वेळापत्रक असे असते की एप्रिलपासून जूनपर्यंत तिघांचेही सामने शनिवार-रविवारच्या त्याच दोन दिवसांत येऊन पडतात. थोरला १२ वर्षांचा आहे आणि लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून खेळतो. मधली मुलगी ९ वर्षांची असून सॉकरच्या संघात आहे. धाकटा ७ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवरचा ताबा कमी असणे) आहे, आणि तो अपंग मुलांसाठी खास आखलेल्या नियमांनी चालणारा बेसबॉल खेळतो. इथे त्याला अडॅप्टिव्ह बेसबॉल म्हणतात. त्यामुळे कोणी कोणाला कुठे सोडायचे, दुसरी गाडी कोणाकडे राहायची आणि धाकट्याचा वॉकर, म्हणजे चालताना आधार देणारी चाकांची चौकट, कोणत्या गाडीत चढवायचा, हे आम्हा नवरा-बायकोला शुक्रवारी रात्रीच ठरवावे लागते. बॅट, हेल्मेट, पाण्याची बाटली यांपैकी काहीही मागे राहिले तरी मैदानावर कोणाकडून तरी उसने मिळते. वॉकर मात्र मिळत नाही.

या शनिवारी पहिला सामना मुलीचा होता. १० वर्षांखालच्या गटात दोन्ही बाजूंना प्रत्येकी सात खेळाडू असतात, मैदान आणि गोल मोठ्यांपेक्षा लहान असतात आणि चेंडू चार नंबरचा असतो. मेंदूला मार लागण्याच्या भीतीने या वयाच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला २०१६ पासून बंदी आहे. गोलकीपरने चेंडू हातात घेतला की समोरच्या संघाला मैदानावर आखलेल्या एका रेषेमागे जावे लागते, म्हणजे मागच्या फळीतल्या मुलींना चेंडू उगाच लांब न भिरकावता पायाने पुढे काढायला उसंत मिळते. मला हा नियम फार आवडतो, कारण तो आल्यापासून मागे खेळणाऱ्या मुलींना खेळात काही काम उरले आहे. सामना आम्ही हरलो, मुलगी चांगली खेळली, आणि गुडघ्यापर्यंतचे मळके मोजे तसेच ठेवून ती गाडीत बसली.

तिथून आम्ही थेट धाकट्याच्या मैदानावर गेलो. हे मैदान पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते जरा विचित्र वाटते, कारण त्यात माती नाही आणि गवतही नाही. सगळा पृष्ठभाग रबरी आणि सपाट आहे, आणि बेस, म्हणजे धावताना क्रमाने गाठायचे टप्पे, जमिनीच्या वर उचललेले नसून जमिनीशी एकसमान आहेत. नेहमीच्या मैदानावर वॉकरची पुढची चाके मातीत रुततात, व्हीलचेअर गवताच्या कडेला अडते, आणि धावणाऱ्या मुलासाठी एरवी खुणेचा असलेला बेस या मुलांना ठेच लागण्याची जागा होऊन बसतो. अशा मैदानाची सुरुवात जॉर्जिया राज्यातल्या कॉनयर्स या गावात झाली. तिथल्या एका कोचने १९९७ साली सात वर्षांच्या एका मुलाला खेळायला बोलावले. तो मुलगा व्हीलचेअरवर बसून आपल्या धाकट्या भावाच्या सामन्यांना आणि सरावाला नेमाने येत असे. पुढच्या वर्षी तिथे अपंग मुलांच्या बेसबॉलची मिरॅकल लीग सुरू झाली आणि एप्रिल २००० मध्ये तिचे पहिले रबरी मैदान खुले झाले. लिटल लीगचा अपंग मुलांसाठीचा चॅलेंजर विभाग त्याहूनही जुना, १९८९ सालचा आहे. भावाचा खेळ बाहेर बसून पाहणारे मूल म्हटले की मला आमचाच धाकटा आठवतो, कारण चौथ्या-पाचव्या वर्षी तोही दादाच्या सामन्यांत जाळीला नाक लावून बसत असे, आणि घरी आल्यावर मिळेल त्या लांब वस्तूची बॅट करत असे.

त्याच्या लीगचे नियम मिरॅकल लीगच्या पद्धतीचे आहेत. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावात एकदा फलंदाजी मिळते, बेसकडे धावणारा कोणीही बाद होत नाही, डाव संपण्यापूर्वी प्रत्येकाची धाव पूर्ण होते आणि शेवटच्या फलंदाजाचा फटका होम रन, म्हणजे सगळे बेस फिरून धाव पूर्ण करू देणारा फटका, धरला जातो. शेवटचा क्रमांक दर वेळी वेगळ्या मुलाकडे जातो, आणि तो आपल्याकडे कधी येणार याचा हिशोब संघातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतो. प्रत्येक खेळाडूबरोबर एक मदतनीस असतो, त्याला सगळे बडी म्हणतात. बडी बहुतेक आसपासच्या शाळांतली मुले-मुलीच असतात. आमचा थोरला यंदापासून बडी झाला आहे, पण आपल्या भावाचा नव्हे; घरातले मूल बडी झाले की ते भावंडांच्या सवयीने सगळे स्वतःच करून टाकते, असा तिथल्या कोचचा अनुभव आहे आणि तो मला पटतो. थोरल्याकडे जी मुलगी आहे तिला फार कमी दिसते. ती बॅट घेऊन उभी राहिली की चेंडू आवाज करणारा वापरतात, आणि पहिल्या बेसवर कोणीतरी टाळ्या वाजवत उभे राहते, म्हणजे तिला आवाजाच्या रोखाने जाता येते. अंध आणि फार कमी दिसणाऱ्या खेळाडूंचा बीप बेसबॉल हा वेगळा आणि कितीतरी कठीण खेळ आहे, त्यात बेसच आवाज करतात आणि चेंडू उचलला जाण्याआधी तिथे पोहोचले नाही तर फलंदाज बाद होतो. तिला पुढे तो खेळायचा आहे, हे तिने थोरल्याला सांगितले आहे, आणि म्हणून तो हल्ली टाळ्या मुद्दाम हळू वाजवतो.

या शनिवारी शेवटचा क्रमांक आमच्या धाकट्याचा होता. त्याचा वॉकर मागच्या बाजूने कंबरेला वेढणारा आहे, त्यामुळे चाके अडवली की पाठ टेकून तो उभा राहू शकतो. उजवा हात चांगला चालतो. डावा हात प्रयत्न केला की मुठीत आखडतो, आणि जितकी घाई करावी तितकी मूठ घट्ट होते. बॅट धरताना तो डाव्या हाताचे एकेक बोट उजव्या हाताने उलगडून मुठीवर बसवतो. हे चालू असताना सगळे मैदान थांबलेले असते. त्याचा बडी, नववीतला एक उंच मुलगा, आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता. त्या हातांकडे मी बराच वेळ पाहत होते. मदत करायला हात पुढे येणे स्वाभाविक आहे. ते मागे ठेवायला शिकावे लागते, आणि या वयाची मुले ते शिकतात याचे मला मनापासून कौतुक वाटते.

कोच गुडघ्यावर बसून जवळूनच हलका चेंडू टाकतात. पहिले काही चेंडू बॅटखालून गेले. कोचनी विचारले, “टी आणू का?” टी म्हणजे चेंडू ठेवायची उभी दांडी, तिच्यावरचा चेंडू हलत नाही, त्यामुळे तो मारणे सोपे असते. धाकट्याने मान हलवून नाही म्हटले. त्यानंतरचा चेंडू बॅटच्या टोकाला लागला आणि पिचरच्या जागेपाशी घरंगळत गेला. समोरच्या संघातल्या व्हीलचेअरवरच्या मुलाने तो वाकून उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. नियमाप्रमाणे धाकटा बाद होणारच नव्हता, त्याला ते पक्के ठाऊक होते. तरीही चेंडूच्या आधी बेसवर पोहोचायचे म्हणून त्याने वॉकरसकट अशी धाव घेतली की बडीला त्याच्यामागे पळावे लागले. चेंडू आधी पोहोचला. त्याने तो पोहोचलेला पाहिला, तोंड वाकडे केले आणि तसाच दुसऱ्या बेसकडे वळला, कारण होम रनसाठी अजून तीन बाजू बाकी होत्या. तिसऱ्या बेसनंतर त्याचे पाय एकमेकांत अडकू लागले, ते नेहमीच थकल्यावर अडकतात, म्हणून तो थांबला, पाय सोडवले आणि पुन्हा निघाला. होमप्लेटवर, म्हणजे फलंदाज जिथून निघतो त्या जागी, दोन्ही संघांची मुले जमली होती. गाडीत बसल्यावर तो पहिले वाक्य बोलला ते हे: “आई, पहिल्या बेसला त्याने मला हरवलं.”

म्हणूनच “यात काय, इथे तर सगळेच जिंकतात” असे कोणी म्हटले की मला ते मुळीच सहन होत नाही. धावफलक नसला म्हणजे चुरस नसते, असे फक्त बाहेरून पाहणाऱ्यालाच वाटू शकते. कोणाचा चेंडू किती लांब गेला, कोणी टी न घेता मारला, कोण चेंडूच्या आधी पोहोचले, हे सगळे त्या मुलांच्या लक्षात असते. प्रेक्षकांतून येणारे “किती गोड” हे उद्गारही मला नकोसे होतात. दुपारच्या सामन्यात थोरल्याला कोणी गोड म्हणत नाही, “छान टाकलास” किंवा “खांदा उघडू नकोस” म्हणतात. धाकट्यालाही तेच हवे असते.

दुपारी थोरल्याचा सामना होता, आणि तिथे बसल्या बसल्या हा विचार माझ्या मनात अधिक स्पष्ट झाला. लिटल लीगच्या त्याच्या गटात दोन बेसमधले अंतर ६० फूट असते, मोठ्यांच्या खेळात ते ९० फूट असते. पिचर ४६ फुटांवरून टाकतो, ६० फूट ६ इंचांवरून नाही. सामना नऊऐवजी सहा डावांचा असतो. प्रत्येक मुलाला निदान एकदा फलंदाजी आणि ठरावीक वेळ क्षेत्ररक्षण मिळालेच पाहिजे, असा नियम आहे. सर्वांत कडक नियम पिचरसाठी आहे: ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस त्याने पिचिंग करायचे नाही. चेंडूंची ही मोजणी २००७ पासून आहे, आणि वाढत्या वयातले कोपर व खांदा जपण्यासाठी ती आहे. थोरल्याचे चेंडू ७० च्या आसपास गेले तेव्हा कोचनी त्याला काढले. आमच्या शेजारी बसलेल्या एका वडिलांना ते पसंत पडले नाही, पण हे सगळे कोणालाही खोटे बेसबॉल वाटत नाही. मुलांचा प्रत्येक खेळ मुलांच्या अंगाच्या मापानेच बेतलेला असतो. धाकट्याच्या अंगाचे माप घेताना त्याच पट्टीने थोडे जास्त मोजावे लागले, एवढाच फरक आहे.

यावर काही लोक जिम अॅबट यांचे नाव काढतात. जन्मापासून उजवा पंजा नसलेले हे पिचर मोठ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये सर्वांच्या बरोबरीने खेळले, आणि ४ सप्टेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क यांकीजकडून खेळताना त्यांनी क्लीव्हलंडच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोहोचवणारा फटका, मिळू दिली नाही. ते नियम न बदलता खेळले, हे खरे आहे आणि थोर आहे. पण त्यांचे पाय धावत होते. ज्याचे पाय धावत नाहीत त्याला हा दाखला देऊन रबरी मैदान नाकारणे मला अन्यायाचे वाटते.

रविवारी मुलीचा आणखी एक सामना झाला, तो बरोबरीत सुटला. थोरला त्याच्या सामन्यात दुसऱ्या बेसवर उभा राहिला, कारण पिचिंग आता बुधवारपर्यंत बंद आहे. धाकट्याच्या पोटऱ्या आदल्या दिवशीच्या धावण्याने ताठल्या होत्या. पायांचे ब्रेस काढून सकाळ-संध्याकाळ त्या ताणून द्याव्या लागल्या, आणि तो त्या वेळी कुरकुरला नाही, कारण संध्याकाळी दादा त्याला एक नवी गोष्ट शिकवणार होता.

ती गोष्ट जिम अॅबट यांचीच होती. अॅबट चेंडू टाकताना हातमोजा उजव्या हाताच्या टोकावर नुसता टेकवून ठेवत, चेंडू सुटताच डावा हात त्यात घालत, आणि झेल घेतला की मोजा उजव्या बगलेत दाबून चेंडू डाव्या हाताने बाहेर काढत. थोरल्याने त्यांच्या जुन्या चित्रफिती पाहून हे नीट समजून घेतले आहे. धाकट्यासाठी उजवे-डावे उलटे करायचे आणि मोजा डाव्या हाताच्या मनगटापाशी टेकवायचा, असे दोघांनी ठरवले. अडचण अशी आली की वॉकरला टेकून उभे असताना डावी बगल मोकळी राहत नाही. मग स्वयंपाकघरातले स्टूल अंगणात गेले, आणि त्यावर बसून मोजा बगलेत दाबायला जमू लागले, चेंडू मात्र अजून निम्म्या वेळा खाली पडतो. धाकट्याला पिचरच्या जागी बसून क्षेत्ररक्षण करायचे आहे. मी कोचना विचारले, तर ते म्हणाले की स्टुलाला हरकत नाही, फक्त मैदानाच्या रबराला भोक पडू नये म्हणून त्याच्या पायांना टोप्या बसवून आणा.