‘सेकंद’ दुसरा, तर पहिला कोण?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे शाळेकडून कळवण्यात आले. मी मात्र एकाच शब्दाविषयी लिहिणार आहे. मराठीत आपण क्रम सांगताना ‘सेकंड’ म्हणतो आणि घड्याळाच्या बाबतीत ‘सेकंद’, त्यामुळे इंग्रजीत हे दोन्ही मिळून एकच शब्द आहे हे सहसा ध्यानात येत नाही. आमच्या नववीच्या वर्गात ते एकाच्या ध्यानात आले आणि हा सेकंद दुसरा असेल तर पहिला कोण, असे त्याने इंग्रजीच्या सरांना विचारले.

सरांनी कोणाच्या तरी कंपासपेटीतला कोनमापक मागून घेतला आणि तो उंच धरून, उत्तर घड्याळात नसून इथे आहे, असे सांगितले. साठाच्या पटीत मोजण्याची रीत बाबिलोनी लोकांची. दुसऱ्या शतकात टॉलेमीने खगोलगणितात अंशाचे साठ आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ भाग केले. लॅटिनमध्ये त्यांना अनुक्रमे ‘पार्स मिनुटा प्रिमा’ म्हणजे पहिला बारीक भाग आणि ‘पार्स मिनुटा सेकुंडा’ म्हणजे दुसरा बारीक भाग अशी नावे मिळाली. वापरता वापरता पहिल्या नावातले ‘बारीक’ तेवढे उरले, त्याचे मिनिट झाले. दुसऱ्यातले ‘दुसरा’ उरले, तो सेकंद. घटिका, पळ, विपळ हेही साठसाठच्याच हिशेबाने जातात, अशी पुस्ती गणिताच्या बाईंनी पुढच्या तासाला जोडली.

तिसऱ्या-चौथ्या भागांचीही नावे होती. १२६७ मध्ये रॉजर बेकनने पौर्णिमांच्या वेळा तास, मिनिट, सेकंद, ‘टर्शिया’ आणि ‘क्वार्टा’ अशा उतरत्या क्रमाने दिल्या आहेत. हे सगळे अर्थात कागदावरचे गणित. इतके बारीक मोजणारे घड्याळ तेव्हा कोणाकडे होते! १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचे घड्याळ योजले, त्यानंतर कुठे सेकंद घड्याळात मोजण्याजोगा झाला.

‘सेकुंडा’च्या मुळाशी मागोमाग येण्याचा अर्थ आहे, ‘सीक्वेन्स’ हा त्याच कुळातला शब्द. सभेत ठरावाला अनुमोदन देणे यालाही इंग्रजीत ‘सेकंड’ करणे म्हणतात. वक्तृत्व सभांमध्ये अध्यक्षांच्या नावाची सूचना हुशार मुलांकडे आणि अनुमोदन माझ्याकडे असे, त्यामुळे हा अर्थ मला शिकवावा लागला नाही.

दिवसाचा ८६,४०० वा भाग ही सेकंदाची जुनी ओळख पृथ्वीच्या फिरण्यावर अवलंबून होती आणि ते फिरणे पुरेसे एकसारखे नसते. म्हणून १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर बांधली गेली: त्याच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. तेव्हापासून मिनिटाची व्याख्याही साठ सेकंद अशीच करावी लागते. पहिल्याचे माप आता दुसऱ्यावरून निघते.