समासातली छत्री

माझ्याकडे एका व्यंगचित्राचे मूळ रेखाटन आहे. त्याच्या डाव्या समासात, सहीच्या शेजारी, वाऱ्याने उलटी झालेली छत्री सावरत एक शाळकरी मुलगा उभा आहे. हा मुलगा वर्तमानपत्रात कधी छापला गेला नाही, कारण तो केवळ माझ्यासाठी काढलेला होता.

जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजीला शाळेत जाणाऱ्या आम्हा बेतीच्या मुलांच्या वाट्याला फेरीबोटीची रांग आली. त्याच दिवसांत एका मराठी दैनिकात हे चित्र आले होते. धक्क्यावर माणसांची लांबच लांब रांग लागली आहे आणि ट्रंक व वळकटी घेतलेला एक गृहस्थ बायकोचा निरोप घेताना म्हणतो आहे, ‘पणजीला पोचलो की पत्र टाकतो.’ घरात सगळे हसले. मला मात्र एक गोष्ट खटकली. रांगेतल्या प्रत्येकाने छत्री ऐटीत उघडून धरली होती, आणि आषाढात त्या धक्क्यावर उघडलेली छत्री क्षणभरही सरळ राहत नाही, हे मी रोज अनुभवत होतो. ‘व्यंगचित्रकार महाशयांस’ अशी सुरुवात करून मी हा आक्षेप एका पोस्टकार्डावर कळवला.

आठ-दहा दिवसांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून बांधलेले मूळ चित्रच घरी आले. समासात तो मुलगा, माझे नाव, खाली दोनच शब्द, ‘आक्षेप मान्य’, आणि सही. एका पोराच्या आगाऊपणाला इतके सभ्य उत्तर देण्याची त्यांना काहीच गरज नव्हती.

त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण आपला गाजावाजा त्यांना मानवत नसे. गोव्यात व्यंगचित्रकार म्हटले की लोटलीचे मारिओ मिरांडा आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण मारिओंच्या चित्रात कोपरान् कोपरा माणसांनी गजबजलेला असतो, तर आमचे हे गृहस्थ चार रेघांत रांग उभी करीत आणि बाकीचा कागद पावसासाठी मोकळा सोडत.

छापील चित्र दोन स्तंभांचे होते. मूळ त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, कारण लहान करून छापले की रेघ अधिक नेटकी दिसते. शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलीचे कच्चे रेखाटन अजून दिसते. छापखान्याच्या कॅमेऱ्यात ही निळी रेघ उमटत नसे, म्हणून ती खोडण्याची कटकट नसे. उजवीकडे पांढऱ्या पोस्टर कलरचा एक ठिपका आहे. चित्र उजेडासमोर धरले की त्याखाली पोट सुटलेला, बगलेत नकाशाची गुंडाळी धरलेला माणूस दिसतो. तो अभियंताच असणार. पुष्कळ वर्षांनी भेट झाली तेव्हा मी त्याच्याविषयी विचारले. ‘गंमत रांगेतल्या माणसांची होती, त्याला मध्ये कशाला आणायचा?’ एवढेच ते म्हणाले आणि चहा मागवला.

गोव्याच्या दमट हवेत कागद सांभाळणे हा वेगळाच उद्योग आहे. एका फ्रेमवाल्याने मागच्या बाजूला सेलोटेप लावून ठेवली होती. तिचा तपकिरी डाग आता कायमचा झाला आहे. दुसऱ्याने लॅमिनेशन सुचवले, तेव्हा मी चित्र उचलून घरी आणले. आता काच आणि कागद यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट आहे आणि फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर न लावता आतल्या खोलीत लावली आहे. दर पावसाळ्यानंतर मी ती उघडून बुरशी आणि कसर तपासतो.

एका गोष्टीवर मात्र उपाय सापडलेला नाही. मुख्य चित्र इंडियन इंकने काढलेले आहे. तिच्यातला काळा रंग काजळीचा असल्याने उजेडाने उडत नाही, त्यामुळे रांग आजही तितकीच काळीभोर आहे. समासातला मुलगा आणि सही मात्र स्केचपेनची आहे, आणि ती आधी जांभळट, मग विटकरी होत गेली. त्यावरून नव्या शाईने हलकेच गिरवून घे, असे घरच्यांनी अनेकदा सुचवले. चित्र मी स्कॅन करून ठेवले आहे, पण सहीवर पेन टेकवायला हात धजावत नाही. गेल्या आश्विनात फ्रेम उघडली तेव्हा मुलाची पावले दिसेनाशी झाली होती. छत्रीच्या काड्या अजून मोजता येतात, सहा आहेत.